गालावर वहीचा वळ

ऊठ. आधी नीट उभा राहा, मग डोळे चोळ. गालावर वहीच्या स्पायरलचा वळ उठलाय, तो हाताने पुसून जायचा नाही. सकाळच्या पहिल्याच तासाला मान टाकतोस? आणि बाकीच्यांनी दात काढायचं कारण नाही. तिसऱ्या बाकावरच्या दोघांचे डोळे कशाने तांबारलेत, तेही मला दिसतं.

‘बाई, रात्री एकपर्यंत अभ्यास करत होतो,’ म्हणे. परवा तुझी आई शाळेत येऊन गेली. त्या माउलीनेही हेच सांगितलं: पोरगा फार जागतो हो, जरा कमी अभ्यास देत जा. मला काय बोलावं ते सुचेना. कारण वर्गाच्या ग्रुपवर आदल्या रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी तूच क्रिकेटचा व्हिडिओ टाकला होतास, आणि १ वाजून ५ मिनिटांनी दुसरा. तू गोधडीत फोन घेऊन पडायचं आणि आईने समजायचं की लेक दहावीसाठी झिजतोय. तिच्या विश्वासाची तरी चाड ठेव.

दृष्टिपटलावर कोणत्या पेशी असतात? दंडाकार आणि शंक्वाकार. पाठ आहे तुला, ठाऊक आहे मला. आता पुस्तकात नाही ते ऐक. तिथे आणखी एका जातीच्या पेशी आहेत. त्या स्वतःच प्रकाश टिपतात, हे २००२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. बाहेर उजेड किती आहे, हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं हे त्यांचं मुख्य काम. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर उजेड त्यांना सगळ्यात जास्त जाणवतो. तो सकाळच्या आभाळात असतो, आणि तुझ्या मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यातही. नाकासमोर वीतभरावर पडदा धरून पडलास, की त्या बिचाऱ्या इमानेइतबारे वर निरोप धाडतात: अजून दिवस आहे. रात्र झाल्याची खूण म्हणून पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते, तिचा हात मग आखडतो.

बॉस्टनच्या संशोधकांनी हे मोजून पाहिलंय. १२ जणांना त्यांनी पाच रात्री कागदी पुस्तक दिलं आणि पाच रात्री उजळ पडद्यावरचं. पडद्यावर वाचलं तेव्हा मेलाटोनिन निम्म्याहून जास्त घटलं, झोप लागायला जवळजवळ १० मिनिटं जास्त लागली, शरीराचं घड्याळ दीड तास मागे पडलं. आणि ते नुसतं पुस्तक वाचत होते! तू काय बघतोस? एक रील संपायच्या आत अंगठा पुढच्यावर. मेंदूला मिटायला फटच मिळत नाही. ‘बाई, पडदा पिवळा केलाय’ हे मला सांगू नकोस. पडदा पिवळा झाला म्हणून खेळातली धडधड थांबते का?

मला खरा राग कशाचा येतो, सांगू? परवा भिंगाच्या सूत्राचं गणित याच फळ्यावर तू न अडखळता सोडवलंस. मी मनात म्हटलं, पोरगं हुशार आहे. काल चाचणीत तेच गणित, फक्त आकडे बदललेले, आणि तू वस्तूच्या अंतराचं ऋण चिन्हच विसरलास. दिवसभर शिकलेलं मेंदू रात्री झोपेत पक्कं करतो. तुझ्या वयाला ८ ते १० तास झोप लागते. एकला डोळा लागून सहाला उठतोस, म्हणजे पाच. वर्गात शिकायचं आणि रात्री गोधडीत सांडून टाकायचं, असं चाललंय तुझं. तुझी बुद्धी अशी वाया जाताना मला बघवत नाही, म्हणून चारचौघांत बोलतेय.

आजपासून साडेनऊला फोन आईच्या हातात द्यायचा. चार्जर स्वयंपाकघरात, तुझ्या उशाशी नाही. तिला खरं काय ते तूच सांगायचंस, मी सांगणार नाही. आणि ‘गजर लावायला फोन लागतो’ हे माझ्यापाशी चालणार नाही. माझ्या कपाटात चावीचं घड्याळ आहे, मधल्या सुट्टीत येऊन घेऊन जा. जरा मोठ्याने वाजतं.

जा आता, तोंडावर पाणी मारून ये. ते ऋण चिन्हाचं गणित फळ्यावर लिहून ठेवते.