जेवढ्यास तेवढं

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नववीत शिकणारा एक मुलगा होता. वडील कापूस पिकवायचे, आई अंगणवाडीत मदतनीस होती आणि आबा, म्हणजे आजोबा, निवृत्त शिक्षक होते. मुलाला क्रिकेटचं वेड होतं. रोज सकाळी शाळेआधी तो मैदानावर असायचा. नजर तीक्ष्ण, हात मोकळा आणि खेळताना चेहऱ्यावर आनंद.

त्या हिवाळ्यात तालुक्यातल्या शाळांचे सामने झाले. वीस षटकांच्या एका सामन्यात या मुलानं एकट्यानं १४२ धावा काढल्या. गावातल्या कुठल्याच पोरानं त्याआधी शंभरी गाठली नव्हती. शाळेनं टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी पेन दिलं, आईनं दृष्ट काढली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर १४२ च्या दीडशे झाल्या. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या दोनशेवर गेल्या. मुंबईहून बोलावणं आलंय, असं कुणीतरी सांगितलं आणि ते मोबाइलवरून घरोघर पोहोचलं. चौथ्या दिवशी बसस्थानकासमोर भलामोठा फ्लेक्स लागला. मधोमध बॅट उंचावलेला मुलगा, भोवती शुभेच्छुकांचे फोटो आणि वर ठळक अक्षरांत ‘मराठवाड्याचा सचिन’.

लोकांच्या मनात कपट नव्हतं. सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला होता, कापसाला भाव नव्हता. अभिमानानं सांगावं असं काहीतरी गावाला हवं होतं, ते या पोरात सापडलं. म्हणून प्रत्येक जण त्यात आपल्या पदरचं थोडं थोडं घालत गेला.

पहिले काही दिवस मुलगा हवेत होता. शाल, श्रीफळ, फेटा. केशकर्तनालयात पैसे घेईनात. गृहपाठ राहिला तरी सर हसून सोडून द्यायचे. मग एका रविवारी गावातल्याच पोरांसोबत तो खेळायला उतरला, तर शंभर माणसं बघायला जमली. बारा धावांवर त्याचा झेल गेला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “सचिन असा आउट होतो का रे?”

सगळे हसले. मुलगाही हसला. पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, मनगट दुखतंय. त्यानंतर सकाळचा सराव बंद झाला. सत्काराचं बोलावणं आलं की तो जायचा, सामन्याचं आलं की मनगट धरायचा. बॅट दाराआड उभी राहिली, तिच्यावर धूळ बसली.

आबांनी हे पाहिलं. त्याच मनगटानं पाण्यानं भरलेला हंडा उचलून आत आणताना त्यांनी नातवाला पाहिलं होतं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी म्हणाले, “चल, शहरात जाऊन येऊ.”

एसटीनं दोघं संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरले आणि तिथून थेट बीबी का मकबऱ्यात गेले. तिकीट काढून आत शिरतात तोच परगावचं एक कुटुंब बाहेर येत होतं. त्यातला एक जण म्हणत होता, “हा कसला दख्खनचा ताज! आग्र्याचा ताज याच्या कितीतरी मोठा आहे.” मंडळींनी दारात एक फोटो काढला आणि ती गाडीकडे निघून गेली.

“ऐकलंस?” आबांनी विचारलं.

“हो. पण खरंच आहे ना आबा, ताजमहाल मोठाच आहे.”

“आहेच. हा बांधला तेव्हा समोर नमुना ताजचाच होता, हेही खरं. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये गेली. तिचा हा मकबरा १६६०-६१ च्या सुमारास पुरा झाला. संगमरवर लागला तो घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला. बाकी आपला काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. आता जवळ ये आणि त्या गिलाव्यावरची नक्षी बघ.”

मुलानं पाहिलं. पानं, फुलं, वेलबुट्टी. चुन्यात इतकं नाजूक काम होऊ शकतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. आत गेल्यावर खाली कबर दिसली, तिच्याभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी. परत येताना आबा प्रवेशद्वाराशी थांबले. दाराच्या पितळी पत्र्यावर दोन नावं कोरलेली आहेत, असं त्यांनी दाखवलं. अताउल्ला, ज्यानं आराखडा केला, आणि हंसपतराय, ज्यानं बांधकाम पाहिलं.

“या दोघांनी आपलं काम केलं आणि खाली आपलं नाव लिहिलं,” आबा म्हणाले. “दख्खनचा ताज हे नाव त्यांनी लिहिलेलं नाही, ते लोकांनी दिलं. आणि तेव्हापासून येणारा प्रत्येक जण याला ताजच्या मापानं मोजतो, लहान ठरवतो आणि ही नक्षी न बघताच परत जातो. मोठं नाव दिल्यानं ही वास्तू मोठी झाली का?”

मुलगा गप्प राहिला. आबा काय बोलताहेत ते त्याला समजलं होतं.

बाहेर बागेत दोघं बसले. घरून आणलेली भाकरी सोडली. जेवता जेवता आबांनी विचारलं, “कल्याणच्या प्रणव धनावडेचं नाव ऐकलंयस?”

“हजार धावा काढणारा!”

“१००९, नाबाद. जानेवारी २०१६ ची गोष्ट. भंडारी चषकाचा शालेय सामना. प्रणव के. सी. गांधी शाळेचा, समोर आर्य गुरुकुल. पहिल्या दिवसअखेर त्याच्या ६५२ धावा झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ३२७ चेंडूंत १००९ झाल्या. त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार. त्याआधीचा विक्रम इंग्लंडच्या कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या पोराचा होता, ६२८ धावांचा, १८९९ सालचा. ११६ वर्षं तो कुणाला मोडता आला नव्हता.”

“मग तर तो खरंच मोठा झाला ना आबा!”

“पंधरा वर्षांचं पोर दोन दिवस उन्हात उभं राहून खेळलं, थकलं नाही, कंटाळलं नाही. ही मोठीच गोष्ट. तिचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण त्या मैदानाची एक सीमारेषा फार जवळ होती. समोरची मुलं वयानं लहान होती. झेल पुष्कळ सुटले. हेही वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, पण त्याकडे लक्ष कोण देतो? सचिन तेंडुलकरनं बॅट भेट दिली. मुंबई क्रिकेट असोसिएशननं महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. देशभरात नाव झालं. आणि उद्याचा मोठा खेळाडू म्हणून सगळे त्याच्याकडे बघायला लागले.”

“मग?”

“मग पुढच्या सामन्यांत तशा धावा होईनात. कशा होणार? हजार धावा रोज कुणाच्या होतात? पण लोक त्याच मापानं मोजत राहिले. शेवटी २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहिलं. मुलाचा खेळ सध्या हवा तसा होत नाही, शिष्यवृत्ती थांबवा, पुढं चांगला खेळला तर बघा.”

“वडील काय करतात त्याचे?”

“रिक्षा चालवतात.”

मुलाच्या हातातला घास थांबला. “रिक्षा चालवणाऱ्या माणसानं महिन्याचे दहा हजार सोडले?”

“सोडले. हजार धावांचा विक्रम मोठा, पण मला ते पत्र त्याहून मोठं वाटतं. आपल्या लेकराला त्याच्या आजच्या खेळाच्या मापानं मोजा, एवढंच त्या बापानं मागितलं. जास्तीचं घेतलं नाही.”

थोड्या वेळानं मुलगा खाली मान घालून म्हणाला, “आबा, माझं मनगट दुखत नाही.”

“ठाऊक आहे मला.”

“मला भीती वाटते. सत्कारात वाटत नाही. खेळायला उतरलं की वाटते. आउट झालो की सगळं खोटं ठरंल.”

“जे खोटं आहे तेच खोटं ठरंल. १४२ खऱ्या आहेत, त्यांना कोण काय करणार? सांग बरं, त्या दिवशी काय काय झालं ते.”

मुलानं सांगितलं. मैदानाच्या एका बाजूला शाळेची भिंत होती आणि ती जवळ होती. समोरच्या शाळेची नववी-दहावीची मुलं सहलीला गेली होती, खेळायला सातवी-आठवीची आली होती. त्याचे तीन झेल सुटले होते.

“आणि गोलंदाजी कोण करत होतं?”

“एक सातवीतला पोरगा होता. नाव नाही माहीत. मी त्याला एका षटकात पाच सिक्स मारले.”

“त्यानं मग चेंडू टाकून दिला का?”

“नाही. त्याची चारही षटकं त्यानं टाकली.”

“म्हणजे त्या दिवशी मैदानावर हिंमतीचं काम दोघांनी केलं. फ्लेक्स एकाचा लागला. दुसऱ्याचं काय झालं, ते कुणी विचारलं?”

परतीच्या वाटेवर मुलगा एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होता. आबांनी त्याला आणखी एकच गोष्ट सांगितली. सचिनचे गुरू रमाकांत आचरेकर सर सरावाच्या वेळी यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिन शेवटपर्यंत बाद झाला नाही तर ते नाणं त्याचं. आणि २०१३ मध्ये वानखेडे मैदानावर निरोपाचं भाषण करताना सचिननं सांगितलं होतं की, सर त्याला ‘छान खेळलास’ असं कधीच म्हणाले नाहीत. पण खूश असले की सर त्याला भेळ किंवा पाणीपुरी खायला न्यायचे. “त्या माणसाला आपल्या पोरावर माया करता येत होती,” आबा म्हणाले, “आणि ती किती दाखवायची, तेही कळत होतं.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलानं सायकल काढली आणि तो शेजारच्या गावी गेला. सातवीतलं ते पोरगं घराशेजारच्या मळ्यात बैलांना पाणी पाजत होतं. याला बघताच ते घरात जायला निघालं. त्यानं खेळणं सोडलं होतं. गावातली मुलं त्याला ‘एकशेबेचाळीस’ म्हणून हाक मारायची.

मुलाच्या पोटात तुटलं. स्वतःच्या नावाचा एवढा गाजावाजा झाला, त्याची किंमत दुसरंच एक लेकरू भरत होतं. तो म्हणाला, “तुझे तीन झेल सुटले. ते धरले असते तर मी तिशीच्या आत गेलो असतो. तुझा चेंडू आत वळतो. मला तो अजून खेळता येत नाही. उद्यापासून सकाळी येशील का आमच्या मैदानावर?”

पोरगं बराच वेळ बघत राहिलं. मग म्हणालं, “सायकल नाही मला.”

“मी न्यायला येईन.”

गावात परत आल्यावर मुलगा फ्लेक्स लावणाऱ्या मंडळींकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, “काका, तुम्ही माझ्यासाठी केलंत, उपकार आहेत. पण आता तो काढा. मी १४२ धावा केल्या. भिंत जवळ होती, पोरं लहान होती, झेल सुटले. मुंबईचं बोलावणं आलेलं नाही. मला अजून खूप शिकायचंय आणि त्या नावाखाली शिकता येत नाही.”

काही जण रागावले. एवढा खर्च केला, असं म्हणाले. एका जाणत्या माणसानं मात्र विचारलं, “मग तुला पाहिजे तरी काय?”

“एक मॅटिंग पाहिजे आणि सरावाला जाळी. सगळ्याच पोरांना उपयोग होईल.”

पुढच्या सत्कारासाठी गोळा झालेली वर्गणी मॅटिंग आणि जाळीत गेली. फ्लेक्स उतरवून एका शेतकऱ्यानं कांद्याच्या चाळीवर टाकला. मुलगा पुन्हा पहाटे मैदानावर जायला लागला, सायकलवर मागं ते सातवीतलं पोरगं. हा रोज बाद व्हायचा, रोज विचारायचा, कुठं चुकलो. भीती एका दिवसात गेली नाही. पण रोज बाद होता होता बाद होणं अंगवळणी पडलं आणि खेळातला आनंद हळूहळू परत आला.

पुढच्या हिवाळ्यात त्याच दोन शाळांची गाठ पडली. या वेळी समोर बहुतेक नववी-दहावीची मुलं होती. हा मुलगा जपून, नीट खेळला. ३७ धावा झाल्या असताना आत वळलेल्या एका चेंडूनं त्याचा त्रिफळा उडाला. गोलंदाज होता तोच, आता आठवीत गेलेला. मुलगा पाच पावलं चालून गेला आणि त्यानं गोलंदाजाच्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी आबांनी दोघांनाही बाजारात नेऊन भेळ खाऊ घातली. छान खेळलात, असं ते म्हणाले नाहीत. दोघांनाही ते कळलं.

तात्पर्य : मुलानं जेवढं केलं, तेवढंच त्याचं कौतुक करावं, आणि ते मनापासून करावं. दुसऱ्या मोठ्या माणसाचं नाव त्याच्या अंगावर चढवलं, तर त्याचं स्वतःचं काम कुणी बघत नाही आणि तेच नाव त्याला भिववत राहतं. एकाचं कौतुक करताना समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या लेकरालाही विसरू नये. आणि ज्याचं कौतुक झालं, त्यानं आपल्या वाट्याचं घ्यावं, जास्तीचं हात जोडून परत करावं.