सभागृहाची इस्त्री

जुलै 2025 मध्ये मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात डाळ शिळी निघाली म्हणून बुलढाण्याच्या आमदारांनी उपाहारगृहाच्या कर्मचाऱ्याला ठोसे लगावले. अंगात बनियन, कमरेला टॉवेल. चित्रफीत घरोघर पोचली आणि या प्रकरणातली मुख्य गोष्ट बनियन आहे असे महाराष्ट्राने जवळपास एकमताने ठरवले. विरोधकांनी विधान भवनात बनियन-टॉवेल घालून निदर्शने केली. मार खाणारा माणूस चर्चेतून कधी गळाला, कोणाला कळलेही नाही. पाठोपाठ आमच्या एका स्तंभलेखक स्नेह्यांनी मागणी मांडली की आमदार-खासदारांना पोशाखाची सक्ती हवी, कारण शिस्त कपड्यांपासून सुरू होते.

स्नेह्यांचा सिद्धांत तपासण्याची सोय त्याच महिन्यात झाली. विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांची हाणामारी झाली. सभागृहात बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याची चित्रफीत फिरली. आपण खेळत नव्हतो, असे मंत्री म्हणाले. कपड्यांबद्दल मात्र कोणाचीच तक्रार नव्हती. ठोशासाठी कायदा आहे. तो लावायचा नसला की माणसे बनियनकडे बोट दाखवतात.

मुळात सक्ती नाही असे कोण म्हणतो? पांढरा कुर्ता, वर जाकीट, कडक इस्त्री हा आपल्या राजकारणाचा गणवेश कोणत्याही नियमात न लिहिता पाळला जातो. तो मोडला की काय होते ते गुजरातने दाखवले. मार्च 2021 मध्ये सोमनाथचे आमदार विमल चुडासमा टी-शर्ट घालून विधानसभेत आले. अध्यक्ष राजेंद्र त्रिवेदींनी आधी ताकीद दिली होती. या वेळी बाहेर काढले. चुडासमांचा युक्तिवाद साधा होता : याच टी-शर्टात प्रचार केला, लोकांनी मते दिली, हा माझ्या मतदारांचा अपमान आहे. प्रचारात काय घालता याच्याशी मला कर्तव्य नाही, इथे सभागृहाची शान राखा, असे अध्यक्षांचे म्हणणे. मला चुडासमांची बाजू पटते. आमदाराचे कपडे हा त्याच्या बोलण्याचाच भाग असतो, आणि त्याला कोणाच्या वतीने बोलायचे ते अध्यक्षांनी ठरवलेले नसते.

जोतीराव फुल्यांना हे पुरते ठाऊक होते. 2 मार्च 1888 रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉटला मेजवानी दिली. शालजोड्या आणि दागिन्यांच्या त्या गर्दीत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले. ठेकेदारी केलेले, पुणे नगरपालिकेचे सदस्य राहिलेले गृहस्थ. बरा अंगरखा मिळाला नाही अशातला भाग नव्हता. इथे जमलेली नटलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हे त्यांनी ड्यूकला भाषणात सांगितले. पण भाषणाआधी ते कपड्यांनी सांगून झाले होते. आमचे स्नेही त्या दिवशी दारावर असते तर जोतीरावांना आधी कपडे बदलून यायला सांगते.

इथवर वाट सरळ आहे. पुढे ती महाडला अडते.

डिसेंबर 1927 च्या महाड परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, हे सर्वांना पाठ असते. त्याच मुक्कामी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण आमचे पुरोगामी वक्ते घाईने ओलांडतात, कारण ते लुगडी आणि दागिन्यांबद्दल आहे. तुमची लुगडे नेसण्याची तऱ्हा, अंगावरचे जड दागिने यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, त्या खुणा टाका. उच्चवर्णीय बायका नेसतात तसे नेसा. लुगडे फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असा त्याचा आशय. वरवर पाहता हा फुल्यांच्या उलट उपदेश आहे. जोतीराव रयतेचा वेष घेऊन दिमाखाच्या दालनात शिरतात. बाबासाहेब आपल्या बायकांना प्रतिष्ठितांसारखे नेसायला सांगतात. मग बाबासाहेबांनी इस्त्रीवाल्यांची बाजू घेतली का?

घेतली नाही, पण माझ्यासारख्यांचीही घेतली नाही. जोतीरावांना त्या रात्री घरी जाऊन पुन्हा अंगरखा चढवता येत होता. महाडला जमलेल्या बाईला तसे करता येत नव्हते. तिने काय ल्यावे-नेसावे हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवले होते. ज्याला खालचे कपडे नेमून दिले गेले त्याने वरचे कपडे घालणे हे बंडच असते. म्हणून बाबासाहेबांचा सूट हा साहेबाची नक्कल म्हणून निकालात काढता येत नाही. न्यूझीलंडच्या संसदेत राविरी वाइतिती या माओरी खासदाराने टायला वसाहतवादाचा फास म्हटले. फेब्रुवारी 2021 मध्ये टायऐवजी गळ्यात पारंपरिक हेई-टिकी घालून बोलायला उठल्याबद्दल त्यांना बाहेर जावे लागले, आणि लगेच टायची सक्तीच गेली. त्यांच्या तोंडी ते वाक्य शोभते. तेच वाक्य आपल्या एखाद्या चौकात, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर उभे राहून म्हणून पाहावे.

1931 च्या गोलमेज परिषदेत एकाच छताखाली गांधीजी पंचा-शालीत बसले होते आणि आंबेडकर सुटात. दोघे एकमेकांशी कडाडून भांडले. दोघांपैकी कोणाचाही पोशाख सक्तीचा केला असता, तर दुसऱ्याचे अर्धे म्हणणे तिथेच दाबले गेले असते.

त्यामुळे ‘जो जे वांछील ते घालो’ म्हणणाऱ्यांच्या रांगेतही मी निमूट उभा राहत नाही. ढगळ कपड्यांत वावरूनही मान मिळणे ही चैन सर्वांना परवडत नाही. अमेरिकेत मार्च 2012 मध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी बॉबी रश, ट्रेव्हॉन मार्टिन या मारल्या गेलेल्या मुलासाठी, हुडी घालून प्रतिनिधीगृहात बोलले; त्यांना तिथून काढण्यात आले. 2023 मध्ये सिनेटर जॉन फेटरमन हुडी आणि अर्ध्या चड्डीत वावरत होते, तेव्हा सिनेटच्या नेत्यांनी पोशाखाचा अलिखित संकेत सैल केला. फेटरमन गोरे आणि हार्वर्डचे पदवीधर. सभागृहे दोन, नियम वेगळे, हे मान्य. तरी हुडी कोणाच्या अंगावर आहे यावर बरेच ठरते. पुढे गदारोळ झाला आणि काही दिवसांतच सिनेटने पुरुषांसाठी कोट, टाय आणि पूर्ण विजार असा लेखी ठराव एकमताने केला.

त्या ठरावातला टाय मला नको. लेखी असणे हवे. अलिखित संकेताचा अर्थ खुर्चीवर बसलेला माणूस लावतो. केनियात नोव्हेंबर 2023 मध्ये सभापतींनी कौंडा सूट बंद केला. झांबियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने ओळखला जाणारा पोशाख आफ्रिकेच्याच एका संसदेत चालेना! म्हणून मी तीन कलमी नियम सुचवणार होतो. एक, अंगभर कपडे असावेत. दोन, कपड्यांवर मजकूर असेल तर त्याला सभागृहातल्या फलकबंदीचाच नियम लागावा. तीन, या पलीकडे कपड्यांवरून कोणाही सदस्याला बाहेर काढता येऊ नये.

दुसऱ्या कलमाने मार्च 2025 मध्ये मतदारसंघ फेररचनेविरुद्ध घोषणा छापलेले टी-शर्ट घालून लोकसभेत आलेले द्रमुकचे खासदार अडतात. अडू देत. मात्र 2019 च्या नागपूर अधिवेशनात ‘मी पण सावरकर’ टोप्या घालून आलेले भाजपचे आमदारही तितकेच अडले पाहिजेत.

पण पहिल्याच कलमात गोलमेज परिषदेतले गांधीजी अडकतात. ‘अंगभर’ किती, हे अखेर अध्यक्षच ठरवणार, आणि ज्या अधिकाराला मी दारातून हाकलले तो खिडकीतून आत येणार. तेव्हा ते कलम खोडतो. उद्या एखादा सदस्य मुद्दाम विचित्र वेषात आलाच, तर त्याचा हिशेब करायला मतदार आहेत. त्यांचा निकाल उशिरा लागतो, कधी चुकतोही. स्नेह्यांना ही व्यवस्था सैल वाटेल. पण लाखो मतांनी आत आलेल्या माणसाला एका खुर्चीने शर्टाच्या कॉलरवरून बाहेर काढावे, यापेक्षा गबाळे सभागृह मी पत्करीन.