विकत घेतलेल्या गीताची दुसरी प्रत

विकत घेतलेली वस्तु आपली झाली, असें आपण सहज म्हणतों. तांब्या किंवा घोंगडी यांविषयीं तें खरेंही आहे. परंतु ग्रंथ, गीत, चित्रपट यांची गोष्ट निराळी. कागद किंवा तबकडी घेणाराची होते. तींतील कृति कर्त्याचीच राहते. तेव्हां आपल्या पैशानें घेतलेल्या गीताची एक राखीव प्रत स्वतःपुरती काढणें ही चोरी कीं वस्तूची निगा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

सांगलीकरांपुढें तो कृष्णामाईनेंच टाकला आहे. १८४३ सालीं ज्या गांवीं विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, तेथें नाट्यगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर जपल्या जाव्यात यांत नवल नाहीं. सातारा जिल्ह्यांतून वाहत येणारी कृष्णा २००५, २०१९ व २०२१ या सालीं सांगलीच्या वस्तींत शिरली. चिखलांत बुडालेल्या संगणकांतील संग्रह गेला तर विकणारा तो पुन्हा फुकट भरून देईलच असें नाहीं.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचें ५२ वें कलम संगणक-प्रणालीपुरतें निःसंदिग्ध आहे : ती ज्याच्यापाशीं कायदेशीर रीतीनें आली, त्यानें नाश वा बिघाड यांपासून बचाव म्हणून राखीव प्रत काढावी. गीत, ग्रंथ, चित्रपट यांविषयीं मात्र 'राखीव प्रत' हा शब्द तेथें नाहीं. खासगी उपयोगासाठीं केलेला न्याय्य व्यवहार क्षम्य, इतकेंच म्हटलें आहे. न्याय्य काय, हें त्या त्या प्रसंगीं न्यायाधीशानें ठरवावयाचें. २०१२ च्या दुरुस्तीनें आलेलें ६५-अ हें कलम, कृतीला घातलेलें यांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूनें फोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद सांगतें. येथें 'हेतु' या शब्दावर सारा भार आहे.

पूर्वीं ग्रंथ वाहून गेला तर मनुष्य तो पुन्हा घेई व कर्त्याला चार पैसे मिळत. राखीव प्रतीनें ते बुडतात, असा आक्षेप येईल. तो अगदींच पोकळ नाहीं. पण आपल्या आपत्तीवर कर्त्याचा हक्क कसा उत्पन्न व्हावा? ग्रंथाला पुठ्ठा घालणारा, पूर येतांच तो माडीवर नेणारा, हाही पुढची खरेदी टाळतोच; त्याला कोणी चोर म्हणत नाहीं.

उलट बाजूनें कोणी सज्जनगडाकडे बोट दाखवील. दासबोधांत लेखनक्रियेवर स्वतंत्र समास आहे आणि रामदासी मठांतून त्या ग्रंथाच्या नकला होत. परंतु ती नक्कल प्रसारासाठीं होती व कर्त्याला तो प्रसारच इष्ट होता. आजच्या गायकाचा चरितार्थ विक्रीवर चालतो. त्याच्या संमतीवांचून त्याचें गीत वांटीत सुटण्यास हा दाखला उपयोगी पडणार नाहीं.

म्हणून राखीव प्रतीची मर्यादा उघड आहे. मूळ प्रत विकली किंवा कोणास दिली, कीं राखीव प्रत पुसून टाकावी. आणि ती शेजाऱ्याला, स्नेह्याला, मुलीच्या सासरींही देऊं नये. हें शेवटचें कठीण खरें, कारण मागणारा आपलाच असतो आणि देण्यांत आपलें कांहीं खर्ची पडत नाहीं. घरच्या कपाटापर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोंचतो. तेथें गृहस्थाच्या सचोटीवरच भिस्त ठेवावी लागते. मात्र अशी सचोटी ज्याच्यापाशीं आहे, त्याला संशयांत ठेवण्यानें कर्त्याचें कोणतेंच हित साधत नाहीं. संगणक-प्रणालीला जी स्पष्ट मुभा कायद्यानें दिली, तीच गीताला व ग्रंथाला देण्यास कायदेमंडळानें आतां संकोच करूं नये.