उत्तर नको, चूक दाखव

सबमिशनच्या आठवड्यात एकाचं जर्नल वर्गभर फिरतं आणि दहा जण ते उतरवून काढतात, ही रीत कृत्रिम बुद्धिमत्तेने आणलेली नाही. गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि सीनियरची फाईल यांवर आपल्या कित्येक पिढ्या पदवीधर झाल्या. त्यामुळे ‘चॅटजीपीटीने मुलं बिघडवली’ ही ओरड मला जरा सोयीची वाटते. उतरवताना निदान हात दुखायचा, मजकूर एकदा डोळ्यांखालून जायचा. आता तेवढंही होत नाही, हे मात्र खरं.

तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. नेहमीसारखा चॅटबॉट मिळालेल्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर तीच मुलं तो कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. ज्यांचा चॅटबॉट उत्तर न देता फक्त इशारे देत होता, त्यांचं हे नुकसान जवळजवळ टळलं. साधन तेच होतं. विचार करण्याचं काम कोणाकडे राहिलं, एवढाच फरक.

म्हणून आधी वहीत आपण झटावं, अडलं की मग विचारावं. वर्गसमीकरण सुटत नसेल, तर आपल्या पायऱ्या जशाच्या तशा टाकून म्हणावं, ‘उत्तर सांगू नकोस, चूक कोणत्या ओळीत आहे तेवढंच सांग.’ कंस काढताना चिन्ह उलटं झालेलं स्वतःला सापडलं, की ते सहसा पुन्हा चुकत नाही. आणि जे उत्तर येईल, ते पुस्तकाशी ताडून बघावं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात सादर केले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. मुरलेल्या वकिलांची ही गत, तर अकरावीतल्या पोराचं काय!

शिक्षकांनी पोलिसगिरीच्या नादी लागू नये. यंत्राचं लिखाण ओळखणारं साधन खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी बंद केलं. आपल्याकडे त्याहून चांगलं साधन आधीपासून आहे: व्हायवा. ती हल्ली ‘नाव काय, विषय काय, बरं, जा’ इतक्यावर उरकली जाते. साठ जणांच्या वर्गात सगळ्यांना दर वेळी विचारणं जमणार नाही, हे मान्य. पण आठवड्याला पाच-सहा जणांना तरी उभं करून, त्यांच्याच फाईलमधल्या एका ओळीवर बोट ठेवून ‘हे असं का?’ एवढं विचारा.