भीमाकाठी बर्क

पुराणमतवादी राजकारण म्हणजे जुने ते सोने, एवढेच आपण धरून चालतो. पण या विचाराचा मूळपुरुष मानला जाणारा एडमंड बर्क बदलाच्या विरोधात नव्हता. ज्या राज्याला बदलता येत नाही त्याला टिकताही येत नाही, हे 1790 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना त्यानेच मांडले. त्याचा संशय होता तो खोलीत बसून आखलेल्या योजनेवर. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रीतीत कुणी लिहून न ठेवलेले शहाणपण असते. ती रीत मोडल्यावरच ते काय होते ते कळते, असे त्याचे म्हणणे.

हे म्हणणे तपासायला फ्रान्सला जायला नको. शिरूर-दौंडचा भीमाकाठ पुरेसा आहे.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात पाटील, कुलकर्णी, पंचायत ही घडी शक्यतो तशीच ठेवावी असे सुचवले. पंचायतीतली दिरंगाई आणि वशिलेबाजी त्याला दिसत नव्हती असे नाही. दिसत असूनही त्याने हा सल्ला दिला. पण दहा वर्षांच्या आत प्रिंगल नावाचा अधिकारी अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त घेऊन पुणे जिल्ह्यात उतरला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न मोजायचे, खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे 55 टक्के सरकारने घ्यायचे. हिशेब निर्दोष होता, फक्त पाऊस आणि माणसे त्याप्रमाणे वागेनात. दौंडला लागूनच असलेल्या इंदापुरात जमिनी पडीक पडल्या, कुणबी गाव सोडून गेले. शेवटी 1836 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी दर उतरवून 30 वर्षांसाठी ठरवून दिले.

खरा घाव मात्र न्यायाच्या बाजूने बसला. जुन्या काळीही सावकार लुटत असे. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण वसुलीसाठी त्याला गावाशी जमवून घ्यावे लागे, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करू नये या दामदुपटीच्या नियमाचा थोडाफार धाक होता. नव्या दिवाणी कोर्टाने करार पाहिला, करार करणाऱ्याची अवस्था पाहिली नाही. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांत दावा लावणे भाग पडले. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात धरून नवा दस्त लिहून घेई. कुणब्याच्या भल्यासाठी केलेला नियम त्याच्याच गळ्याशी आला. अमेरिकेतल्या यादवीने चढलेले कापसाचे भाव उतरले, सारा वाढला, आणि शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकाराने देशमुखाविरुद्ध हुकूमनामा आणून त्याचे घर पाडले. गावाने सावकारावर बहिष्कार घातला: न्हावी नाही, पाणक्या नाही. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात दस्तांची होळी झाली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामतीत आहे. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, हे विसरू नये.

1879 च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने दस्तामागचा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला आणि तडजोडीसाठी गावपातळीवर माणसे नेमली. गाव मोडल्यावर त्याचा एक तुकडा सरकारनेच परत बसवला, असे मी म्हणेन. या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात सांगितले की, इंग्लंडात घडलेले अर्थशास्त्राचे नियम देशकाल न पाहता इथे लावता येत नाहीत. रानडे सुधारक होते, तरी पद्धतीपुरते ते बर्कच्या जवळ जातात.

इथवर बर्क जिंकतो. पण रीत टिकवण्याची किंमत कोण देत होते, हे त्याच गावाला विचारावे. पाटलाला वतन होते तसे महारालाही होते. फरक एवढाच की महारवतन म्हणजे बारा महिने राबणूक. ती रीतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, आणि तिच्यातले शहाणपण फक्त घेणाऱ्यांच्या सोयीचे होते. शिरूर तालुक्यातल्याच कोरेगाव भीमाला, महार सैनिकांच्या स्मारकस्तंभाशी, डॉ. आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी आले. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई विधिमंडळात महारवतनाविरुद्ध विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. महारवतनासारखी कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा 1958 मध्ये झाला, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.