चौकी कोठे असावी?

औंढ्याचा नागनाथ सभामंडपाच्या पातळीवर नाही. तो जमिनीखालच्या लहानशा गाभाऱ्यात आहे, आणि अरुंद पायऱ्यांवरून वाकूनच त्याच्यापाशी उतरावे लागते. याच देवळापुढे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागल्या बाजूस जावयास सांगितले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले, अशी आख्यायिका आहे. कोणाला कोठे अडवावे, हा प्रश्न तिच्या पोटात आहे. त्याचे एक उत्तर गावाभोवतीच्या काळ्या रानात हरभऱ्याच्या मुळाशी पाहावयास मिळते.

कोवळ्या मुळाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. सर्वांत बाहेर बाह्यत्वचा. तिचे मूलरोम मातीच्या कणाकणाला बिलगलेले असतात. तिच्या आत मध्यत्वचेच्या पेशींचे सैलसर थर. येथवर पाणी पेशींच्या भिंतींतून व फटींतून फारशा अडथळ्यावाचून झिरपते. पुढे मात्र अंतस्त्वचेचा एकच थर लागतो. तिच्या पेशींच्या भिंतींत लिग्निनाचा पट्टा कमरबंदासारखा बसविलेला असतो. रॉबर्ट कास्परी या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला कास्परी पट्टा म्हणतात. तो भिंतींतील चोरवाटा बुजवितो. त्यामुळे रंभात, म्हणजे मुळाच्या गाभ्यात, जावयाचे तर क्षारांना कोठे तरी पेशीचे जिवंत पटल ओलांडावेच लागते. आणि ते पटल निवड करते.

कडक चौकी आहे, परंतु ती उंबरठ्यावर नाही. बाहेरची त्वचाच अशी बुजविली असती, तर पाण्याला भिंतींतून व फटींतून असे मोकळेपणी आत झिरपता आले नसते. हरभऱ्याच्या मुळावरील गाठी पाहा. हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू मध्यत्वचेत, जणू ओसरीवर, नांदतात. गाभ्यात त्यांना प्रवेश नाही. आतिथ्य आणि सावधपणा यांचे असे वैर नसते.

आपण सुशिक्षित माणसे बहुधा याच्या उलट वागतो. घरात कोण यावे, कोणाच्या पंक्तीस बसावे, मुलांनी कोणते पुस्तक वाचू नये, याविषयी आपण दक्ष असतो. पण एकदा आपल्याच माणसाच्या तोंडून आलेला द्वेष थेट काळजापर्यंत पोहोचतो, आणि त्याला तेथे कोणी हटकत नाही.

कोणी म्हणेल, मुळाला विवेक नाही. निसर्गात घडते ते नीतीने मान्य करावे असे कोठे आहे? हा आक्षेप रास्त आहे. मूळ आपला गुरू नव्हे. ते केवळ एक शक्यता दाखविते. शिवाय त्याची चौकीही निर्दोष नाही. जमिनीतील आर्सेनेट रचनेने फॉस्फेटासारखे असते. म्हणून फॉस्फेटासाठी ठेवलेल्या दारातूनच ते विष आत शिरते. दिसावयास अन्नासारखे असते, म्हणून ते फसविते. आपल्या अंतःकरणातही सूड न्यायाच्या वेषात येतो आणि भित्रेपणा व्यवहारज्ञानाच्या. आतली चौकी एकदा बसवून भागत नाही. तिच्यापाशी जागत बसावे लागते. बाहेरचे दार लावून घेणे त्यामानाने फार सोपे, आणि म्हणूनच ते आपल्याला आवडते.

मुळाची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. खोडाच्या फांद्या पृष्ठभागाजवळ फुटतात. उपमुळांचा उगम मात्र अंतस्त्वचेच्याही आत, परिरंभात होतो, आणि तेथून मध्यत्वचा भेदून ती बाहेर मातीकडे झेपावतात. जे आत इतके जपले, त्याने पुन्हा मातीत उतरावे यासाठीच ते जपलेले असते.