जाणण्याचा अधिकार कोणाला?

पात्रता पाहून ज्ञान द्यावे, की ज्ञान खुले ठेवले म्हणजे पात्रता मागाहून येते, हा आपल्या धर्मविचारातला जुना वाद आहे. ब्रह्मजिज्ञासेसाठी विवेक, वैराग्य, शमादी सहा गुण आणि मुमुक्षुत्व ही चार साधने हवीत असे शंकराचार्य सांगतात. म्हणजे अधिकार गुणांवर ठरतो. पण त्याच ब्रह्मसूत्रभाष्यात पुढे शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला आहे. म्हणजे तो जन्मावरही ठरतो. माझे म्हणणे असे की अधिकार आधीपासून कुणाकडेच नसतो, खुल्या ज्ञानावर कष्ट केले की तो येतो. याचा पुरावा रोजच्या वापरातही सापडतो. लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचा बिघडलेला पडदा हा असाच एक पुरावा आहे.

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती बसवली की कधी कधी अक्षरे फुगलेली आणि धूसर दिसतात. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा १०२४ बाय ७६८वर अडून बसतो. पडद्याच्या आत ईडीआयडी नावाची १२८ बाइटची नोंद असते. तीत पडदा आपली मापे स्वतः सांगतो, आणि नोंद शाबूत आहे की नाही हे तिच्या शेवटच्या बाइटवरून पडताळता येते. ही नोंद वाचता आली नाही, किंवा बसवताना दिलेली ‘नोमोडसेट’ ही सूचना तशीच राहून ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालू झाला नाही, तर प्रणाली एखादे हमखास चालणारे लहान माप धरते. एक्सरँडर ही आज्ञा उपलब्ध मापांची यादी दाखवते, सीव्हीटी नव्या मापाचे गणित करून देते. सीव्हीटीला १३६६ विचारले तर मात्र उत्तर १३६८ येते. हे चुकीचे वाटते, पण सूत्र उघड असल्याने कारण कळते: ते आडवे माप आठाच्या पटीत बसवते. कारण कळले की उपाय शोधता येतो. या सगळ्या वाटेवर पदवी कुणी विचारत नाही, जातही नाही. मन लावून वाचणारा वाचता वाचताच जाणता होतो. दार आधीच बंद असते, तर त्याची पात्रता त्याला स्वतःलाही कधी कळली नसती.

हा विचार नाशिकला नवा नाही. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे त्या निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानदेवांनी शके १२१२मध्ये, म्हणजे इ. स. १२९०मध्ये, गीतेचा अर्थ मराठीत आणला. वेद संपन्न असूनही तीनच वर्णांच्या कानी लागला, म्हणून तो कृपण ठरला, असा आक्षेप ज्ञानदेवांनी अठराव्या अध्यायात स्पष्ट नोंदवला आहे. त्यांनी श्रोत्याची परीक्षा आधी घेतली नाही. ऐकता ऐकता तो अधिकारी होईल, हा त्यांचा विश्वास होता, आणि पुढच्या शतकांत वारकरी परंपरेत सर्व जातींतून निघालेल्या संतांनी तो खरा केला.

पहिला आक्षेप असा की सर्वांना खुले केलेले बिघडते. कोणीही हात घालील, कोणीही बदलील. हे खरे आहे. ज्ञानेश्वरीतही अपपाठ शिरले होतेच. त्यावर एकनाथांनी काय केले? पोथी कुलपात घातली नाही. शके १५०६मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि तो लोकांपुढे ठेवला. उलट महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत झाकले. छळाच्या भीतीने केलेले ते रक्षण समजण्यासारखे आहे; पण त्यापायी ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतके परका राहिला, आणि पाठभेद टळले नाहीत ते नाहीतच. लिनक्सचा मार्ग एकनाथांचा आहे. बदल कुणीही सुचवावा, तो सर्वांसमोर तपासला जावा, आणि सुधारलेली प्रत दुसऱ्याला देणाऱ्याने तिचा मूळ कोडही त्याच अटींवर द्यावा.

दुसरा आक्षेप नाशिकरोडच्या नोट प्रेसकडे बोट दाखवतो. नोटांच्या छपाईतले गुपित फोडले तर राज्य चालेल का? चालणार नाही. पण ते गुपित नोट बाळगणाऱ्या प्रत्येकाला फसवणुकीपासून वाचवते. विकत घेतलेल्या यंत्राचे अंतरंग त्याच्याच मालकापासून लपवणारे गुपित कुणाचे रक्षण करते, ते मालकाला विचारून पाहावे. गुपिताचा न्याय त्याने कोण सुरक्षित होतो यावरून करावा.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बहुतेकांना पडदा नीट दिसला की पुरे. आज्ञा वाचण्याचा हक्क त्यांना हवाच कशाला? याचे उत्तरही नाशिकनेच दिले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिरप्रवेशाने अस्पृश्यांचे सगळे प्रश्न सुटतील असे बाबासाहेब मानत नव्हते. प्रश्न माणूस म्हणून असलेल्या हक्काचा होता. त्या लढ्यातल्या वेदनेची बरोबरी लॅपटॉपच्या अडचणीशी करणे अनुचितच. पण त्यातून निघणारे तत्त्व इथेही लागू पडते. दार उघडे असणे आणि आत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत जायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. त्याच्या वतीने दार लावून घेण्याचा अधिकार दुसऱ्या कुणालाही नाही.

मात्र दार उघडे ठेवून कर्तव्य संपत नाही. सीव्हीटीचे सूत्र खुले असले तरी त्याचे विवेचन इंग्रजीतच सापडत असेल, तर सिन्नर किंवा सुरगाण्याच्या विद्यार्थ्यासाठी ते अर्धेच खुले आहे. परंपरेने सांगितलेले ऋषिऋण अध्ययनाने आणि अध्यापनाने फिटते. ज्याने आपला पडदा नीट केला, त्याने कारण आणि उपाय स्वच्छ मराठीत लिहून ठेवावा. १९८९पासून नाशिकमध्ये उभ्या असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांनी असे लेखन अभ्यासक्रमांत आणावे. खुल्या ज्ञानाचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक मराठी माणसावर एवढे ऋण आहे, आणि ते फेडणे त्याच्या आवाक्यातले आहे.